लातूरच्या घरचा डीटीपीचा कॉम्प्युटर पुण्यात बसून चालवता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं लातूरला लग्नपत्रिका-हँडबिलांचं डीटीपीचं काम आहे, तुम्ही पुण्यात नोकरीला. रात्री इथून प्रूफं दुरुस्त करून द्यायची आहेत. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही ती किल्लीवजा खुंटी, घरच्याच मशीनला आहे. राउटरमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडलंत, दूरचं मशीन चालवायच्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये घरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता टाकलात, तरी जोडलं जात नाही.

जोडलं गेलं नाही हे बरंच झालं. ते पोर्ट आधी बंद करा, मग पुढचं वाचा.

आमचं मशीन बार्शीला आणि मी ठाण्यात, त्यामुळे हे सगळे उद्योग मी करून चुकलोय. आमच्याकडे तेव्हा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता होता, म्हणून माझं पहिल्या फटक्यात जोडलं गेलं आणि मी खूश. आठवड्याभराने मशीन जड चालतंय म्हणून इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडला, तर ४६२५ नंबरच्या नोंदींची रांगच लागलेली. ४६२५ म्हणजे लॉगिनचा फसलेला प्रयत्न. अॅडमिन, अॅडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, युजर अशी नावं टाकून कोणीतरी रात्रंदिवस कडी वाजवत होतं. त्यात माणूस कोणी नसतो. इंटरनेटभर उघडी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्रॅम असतात आणि ३३८९ त्यांच्या आवडीचं. २०१९ मध्ये तर याच रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्डशिवाय आत शिरता येईल असं भोक सापडलं होतं, ब्लूकीप नावाचं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा पाच वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून काय ते समजा. डीटीपीवाल्यांची मशीनं किती जुनी असतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमचं का जोडलं जात नाही ते. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून बऱ्याच ब्रॉडबँडवाल्या कंपन्या एकाच पब्लिक आयपीमागे पुष्कळ गिऱ्हाइकं बसवतात. जुन्या वाड्यासारखं आहे हे. बाहेर पत्ता एकच, आत चाळीस बिऱ्हाडं. तुम्ही आपल्या खोलीचं दार उघडं टाकलंत, पण बाहेरून येणारा वाड्याच्या दिंडीपाशीच अडला, कारण दिंडीची किल्ली कंपनीकडे. खात्री करायची तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा आणि गूगलवर 'माय आयपी' शोधून दिसणाऱ्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर तुम्ही वाड्यात राहता. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, स्वतःचा पत्ता) मिळतो, पण त्याची तुम्हाला गरजच नाही.

युक्ती अशी की बाहेरून दार ठोठवायचंच नाही. घरच्या मशीननेच आतून बाहेर फोन लावून बसावं, तुम्हीही तिकडेच फोन लावावा, आणि मधल्याने दोघांची गाठ घालून द्यावी. गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप हेच करतं. तुमच्या कामाला मी तेच सुचवीन, आणि फुकट आहे म्हणून नव्हे.

विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप दिसायला सुरेख, पण एक तर तो होम आवृत्तीत चालत नाही, प्रो लागते. दुसरं, तुम्ही इथून आत शिरलात की तिकडे वडिलांच्या समोरचा स्क्रीन लॉक होतो. काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि यांच्यासमोर पासवर्डची चौकट! तिसरं डोंगलचं. बरीच डोंगलवाली सॉफ्टवेअरं आपल्याला रिमोट डेस्कटॉपमधून उघडलंय हे ओळखतात आणि चालायला नकार देतात. क्रोमवाल्यात हे तिन्ही होत नाही. घरी जो स्क्रीन दिसतोय तोच तुम्हाला दिसतो. मात्र बाण एकच असतो. बाबांनी माउस धरला असेल तर दोघांत रस्सीखेच होते, म्हणून आम्ही आधी फोन करतो.

यासाठी वेगळं गूगल खातं काढा, त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा आणि दोन्हीकडे त्याच खात्याने लॉगिन करा. स्वतःचं रोजचं मेलचं खातं दुकानातल्या मशीनवर उघडं ठेवू नका. पिन किमान सहा आकडी लागतो. जन्मतारीख किंवा पिनकोड नको. मशीनवर विंडोज ७ असेल तर अडचण आहे, २०२३ पासून नवं क्रोम त्यावर चढत नाही.

फाइलींचीही देवाणघेवाण पाहिजे असेल तर टेलस्केल नावाचं आणखी एक साधन आहे. दोन्ही मशीनवर टाकलं की ती जणू एकाच घरात आहेत अशी एकमेकांना दिसतात. त्यात दोन गोष्टी विसरू नका: विंडोजवर 'रन अनअटेंडेड' (कोणी लॉगिन नसतानाही चालू राहणं) चालू करा, आणि त्या मशीनची 'की एक्स्पायरी' (लॉगिनची मुदत संपणं) बंद करा. नाहीतर १८० दिवसांनी ते गुपचूप तुटतं. माझं ऐन लग्नसराईत तुटलं होतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी डोकेदुखी विजेची. मशीन झोपलं किंवा लाईट गेली की पुण्यात बसून कितीही बोंबला. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) वीज परत आल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो, तिथे 'पॉवर ऑन' निवडा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आमच्याकडे हे सगळं करूनही रोज रात्री अकराला संपर्क तुटायचा. दोन दिवस मी राउटरला शिव्या घातल्या. शेवटी कळलं, आई झोपण्याआधी दुकानाचा मेन स्विच पाडत होती. तिचंही चूक नव्हतं म्हणा, ६० वॅटचं मशीन चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला ४३ युनिट होतात. आता बाबा नऊला फोन करून विचारतात, 'आज बसणार आहेस का?' नसेन तर बंद.

टायपिंगचं: आपल्या लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा आणि मराठी लेआउट तिकडच्या सॉफ्टवेअरला सांभाळू द्या. दोन्हीकडे मराठी केलंत तर शुभविवाहाचं काय होईल सांगता येत नाही. फाइल मेलवर मागवून इकडेच उघडू, हा विचारही सोडा. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं आतून रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, तो फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो. आणि रंग रिमोटवर कधीच ठरवू नका. चित्र दाबून पाठवलेलं असतं, त्यात राणी आणि गुलाबी सारखेच दिसतात. रंगाचं बाबांना विचारा.

वडिलांना मात्र एक गोष्ट बजावून ठेवा. हे सगळं तुम्ही लावून दिलंय, तेव्हा 'बँकेतून बोलतोय, एनीडेस्क टाका, नंबर सांगा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्यायचा. एनीडेस्कही असंच दुरून मशीन चालवायचं साधन, नंबर दिला की मशीन त्या माणसाच्या हातात. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. चुकून नंबर दिलाच, तर आधी इंटरनेटची वायर उपटायची, मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. आमच्या बाबांनी हा नंबर मॉनिटरच्या कडेला लग्नपत्रिकेच्या कोऱ्या कार्डावर छापून चिकटवलाय, वर 'श्री' घालून.