धुळे–जळगाव रस्ता खराब असेल तर टोलविरुद्ध कोर्टात जाता येतं का?

येतं. पण टोलनाक्यावरच्या पोराशी हुज्जत घालून काही होत नाही, त्याच्या हातात काहीच नसतं.

केरळचं पालियेक्करा टोलनाक्याचं प्रकरण बघा. एडप्पल्ली–मन्नुती हा 65 किलोमीटरचा पट्टा, जागोजागी काम अर्धवट, तासन् तास गाड्या अडकलेल्या. ऑगस्ट 2025 मध्ये केरळ हायकोर्टाने तिथला टोल चार आठवडे थांबवला. महामार्ग प्राधिकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही हरलं. खड्ड्यांतून जायला लोकांनी पुन्हा पैसे का मोजायचे, असाच कोर्टाचा सूर होता. मात्र टोल कायमचा गेला नाही. ऑक्टोबरमध्ये परत सुरू झाला.

म्हणजे 'टोल जास्त आहे' एवढ्यावर भागत नाही. 'पैसे घेता, रस्ता देत नाही' हे दाखवावं लागतं. आपल्या खान्देशासाठी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात राज्यघटनेच्या कलम 226 खाली रिट याचिका, म्हणजे सरकारी यंत्रणेविरुद्ध थेट हायकोर्टात दाद. मी असतो तर आधी 1033 या महामार्गाच्या हेल्पलाइनवर तक्रार करून तिचा नंबर जपला असता. मग खड्ड्याचा फोटो, त्यात किलोमीटरचा दगड दिसलाच पाहिजे, आणि त्याच दिवशीचा फास्टॅगचा मेसेज. नुसता खड्डा कुठलाही असू शकतो भाऊ.

घर नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत आणि गाडी खासगी असेल, तर आधी मासिक पास मागा. निम्म्या लोकांना तो माहीतच नसतो.