डिसोझांच्या नावाला क्वेरी का अडते?

प्रश्न: वसईच्या आमच्या वाचनालयासाठी मी जँगो (पायथनमधली वेबसाइट बांधायची चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर सभासदांची नोंदवही केली आहे. नावं मराठी वर्णक्रमाने लागावीत म्हणून ओआरएममध्ये (पायथन कोडवरून डेटाबेसची आज्ञा बनवणारा जँगोचा भाग) रॉ एसक्यूएलचा, म्हणजे हाताने लिहिलेल्या डेटाबेस-आज्ञेचा, एक तुकडा घातला, तो छान चालला. मग इंग्रजी आडनावाचा शोधही तसाच लिहिला. पाटील सापडतात, वर्तक सापडतात. डिसोझांचं आडनाव अपॉस्ट्रॉफीसह (D'Souza) टाकलं की पान कोसळतं. सहकारी म्हणतो, ओआरएम असताना रॉ एसक्यूएल लिहूच नये. खरं का?

उत्तर: सहकाऱ्याचं अर्धंच ऐका. तुमचा पहिला तुकडा निर्दोष आहे, घोळ दुसऱ्यात आहे. तिथे तुम्ही एफ-स्ट्रिंगने (मजकुरात मूल्य जागेवर भरायची पायथनची सोय) आडनाव थेट एसक्यूएलमध्ये चिकटवलंय, दोन्ही बाजूंना हाताने एकेरी अवतरण देऊन. डिसोझांच्या ‘डी’पुढची अपॉस्ट्रॉफी आली की पोस्टग्रेसच्या लेखी आडनाव तिथेच संपलं. उरलेलं ‘सोझा’ त्याला आज्ञेचा भाग वाटतं, आणि अशी आज्ञा त्याला ठाऊक नाही. डिसोझा सरळमार्गी, म्हणून एररवर भागलं. त्याच चौकटीत कुणी जाणूनबुजून ‘किंवा एक बरोबर एक’ अशी नेहमीच खरी ठरणारी अट घुसवली असती, तर सगळ्या सभासदांचे फोन नंबर त्याच्या हाती गेले असते.

मीही या वाटेने गेलेय. पहिल्या नोकरीत अवतरणचिन्ह दुप्पट करणारं एक फंक्शन लिहून मी स्वतःवरच खूश होते. कर्मचारी क्रमांकाच्या रकान्यात ते फसलं. आकड्याभोवती अवतरणच नसतं, मग दुप्पट काय करणार? टेस्टिंगमधल्या मुलीने अख्खं पगारपत्रक माझ्याच स्क्रीनवर उघडून दाखवलं.

तेव्हा तुकड्यात आडनावाच्या जागी फक्त टक्केचिन्ह आणि एस (%s) लिहा. आडनाव स्वतः पॅरामीटर म्हणून, म्हणजे आज्ञेपासून वेगळं, रॉएसक्यूएल या जँगोच्या फंक्शनच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये, यादीत द्या. आणि त्या टक्के-एसभोवती सवयीने अवतरण घालू नका! ते काम ड्रायव्हरचं, म्हणजे जँगो आणि पोस्टग्रेसमधल्या दुव्याचं. त्याची जोडी आणि तुमची जोडी भिडली की आतला मजकूर पुन्हा उघडा पडतो, म्हणजे पॅरामीटर वापरूनही इंजेक्शनला, म्हणजे बाहेरची आज्ञा घुसवायला, वाट राहते. हे सगळं तुकडा लागणारच असेल तर. साध्या आडनावशोधाला तो कशाला? ओआरएमच्या फिल्टरमध्ये आयकंटेन्स (‘यात हा मजकूर आहे का’ अशी अट) द्या, एका ओळीत काम होतं.

आता वर्णक्रम. नुसत्या युनिकोड क्रमाने लावलं तर ‘ळ’ हा ‘ल’ला खेटून, ‘व’च्या आधी येतो, म्हणून काळे कावळ्यांच्या आधी लागतात. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर. त्यासाठी तुम्ही आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचा नियम, लावलंत, ते योग्यच. वापरणाऱ्याने टाइप केलेलं काहीही त्या तुकड्यात जात नाही, त्यामुळे धोका नाही. पण उद्या या यादीला पुस्तकांचं टेबल जोडाल आणि त्यातही ‘नाव’ हा कॉलम असेल, तर कुठलं नाव म्हणून पोस्टग्रेस अडून बसेल. ओआरएम तुमच्या तुकड्यात डोकावत नाही, त्यामुळे टेबलाचं नावही तो आपणहून लावत नाही. जँगो ३.२ मध्ये, म्हणजे २०२१ साली, कोलेट नावाचं फंक्शन आलं. त्याला फील्ड आणि कोलेशन द्या, तुकडा काढून टाका.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, जी तुम्ही विचारलेली नाही. कुठल्या कॉलमने लावायचं ते तुम्ही यूआरएलमधून घेऊन आणखी एका, वेगळ्या तुकड्यात घालता. तेही बाहेरून आलेलं, म्हणजे धोका तोच. तिथे टक्के-एस कामाचा नाही. पॅरामीटर म्हणून दिलेलं कॉलमचं नाव साधा मजकूर ठरतं. चालतील अशा चार-पाच कॉलमांची डिक्शनरी करा, यूआरएलमधली किल्ली तिच्यात शोधा, नाही सापडली तर नावाने लावा.

आणि डिसोझांना टेस्टमध्ये कायमचे ठेवून घ्या. माझ्याकडे एक ओब्रायन आहेत, अपॉस्ट्रॉफीसकट.