वॉशिंग्टन हे आडनाव मूळचं इंग्रजांचं, मग अमेरिकेत ते बहुतेक कृष्णवर्णीयांचं कसं?

आडनाव गावावरून पडलेलं, आपल्या पुणेकर-नगरकरांसारखं. उत्तर इंग्लंडात डरहॅमजवळ वॉशिंग्टन आहे. बाराव्या शतकात तिथली जहागीर मिळालेल्या विल्यमने ते लावलं. एक शाखा पुढे नॉर्थॅम्प्टनशायरला गेली. तिच्यातला जॉन १६५० च्या दशकात जहाजावरून व्हर्जिनियात आला आणि तिथलाच झाला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज त्याचा पणतू. त्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

आडनाव पसरलं ते गुलामीतून सुटलेल्यांमुळे. त्यांतल्या अनेकांनी ते स्वतःहून घेतलं. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन लहानपणी नुसते 'बुकर' होते. शाळेत हजेरी सुरू झाली, बाकीच्या मुलांना दोन-दोन नावं आहेत हे कळलं, आणि आपली पाळी येताच त्यांनी 'बुकर वॉशिंग्टन' सांगून टाकलं. २००० च्या अमेरिकी जनगणनेत हे आडनाव लावणाऱ्यांत सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होते.