हळद नको, आणि पेपर कुठून फाटला ते आधी बघा

भाऊ, तुमच्या युनिटचा विघटनशील मल्चिंग पेपर, म्हणजे बेडवर अंथरायची आणि नंतर मातीत कुजणारी फिल्म, पैठणकडे पाहुण्यांच्या टरबुजावर अंथरला आणि चाळिसाव्या दिवशीच चिरला. आता फिल्मच्या प्लास्टिक दाण्यात हळद मिसळली तर माल निघेपर्यंत टिकेल का, असं विचारताय. वाळूजला फिल्मच्या मशीनवर निम्मं आयुष्य गेलंय माझं. हळदीच्या नादी लागू नका.

हळदीतलं पिवळं कर्क्युमिन अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजननं होणारी झीज थोपवणारं आहे, खरंय. पण लग्नात हळदीनं माखलेली साडी धुऊन कडक उन्हात टाकली की डाग उडतो, हे आपल्या आईला विचारा. उन्हात जे स्वतःच तग धरत नाही ते पेपरला काय राखणार, मग हळद वसमतची का असेना. आम्ही करून पाहिलंय. पिवळाधमक निघालेला तुकडा पत्र्यावर आठवड्यात फिका पडला.

त्यापेक्षा लिग्निन बघा. झाडाला ताठपणा देणारा पदार्थ, उसाच्या चिपाडात, पऱ्हाटीत असतं तेच. अतिनील किरणं ते स्वतः शोषतं, आणि उन्हानं पीबीएटी या विघटनशील प्लास्टिकच्या साखळ्या तुटून जे रॅडिकल, म्हणजे पुढच्या साखळ्या तोडत जाणारे तुकडे सुटतात त्यांना त्यातले फिनॉल हायड्रोजन देऊन गप्प करतात. रंग तपकिरी-काळा येतो, पण मल्चिंगला काळा रंग कुणाला नकोय? सुरुवात वजनाच्या दोन टक्क्यांनी करा. फार घातलं तर गुठळ्या होतात आणि पंधरा मायक्रॉनच्या फिल्मला भोकं पडतात.

पावडर मात्र खडखडीत वाळलेली हवी. एकदा ऐन श्रावणात उघड्या पोत्यातली तशीच हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या नरसाळ्यात ओतली. रात्रभर फिल्मचा फुगा फुटत राहिला, सकाळी भंगाराचा ढीग. मिश्रणात पीएलए हे दुसरं विघटनशील प्लास्टिक असेल तर ओलाव्यानं ते मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्येच तुटतं. म्हणजे टिकाऊपणासाठी घातलेल्या पावडरीनंच पेपर म्हातारा झाला.

आता मुद्द्याचं. बेडच्या वरच्या, उघड्या भागावर चिरा असतील तर ऊन कारण, तिथं लिग्निन कामाला येईल. पण मातीत दाबलेली कड जिथं बाहेर येते त्या रेघेवर फाटलं असेल, तर ते ओल आणि जिवाणूंचं काम. तिथं अँटिऑक्सिडंट कितीही घाला, फरक पडत नाही. जाडी वाढवा, नाहीतर मिश्रण बदला. आणि रोल पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडून होते का? तसं असेल तर पेपर शेतात जायच्या आधीच अर्धा गेलेला असतो.

पाहुण्यांना म्हणावं, कडेची माती हातानं सरकवून बघा. काय दिसतं ते कळवा, मग प्रमाण ठरवू.