भाचीला पत्र: मांजरं, मोटरहोम आणि आजीच्या लुगड्यांची गोधडी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नकाशा पाहिला. एडिसनहून निघायचं, बाल्टिमोरला दादाकडे दोन रात्री, मग केंटकीत पडुका, मिसुरीत हॅमिल्टन, नेब्रास्कात लिंकन आणि शेवटी डॅलसला मामाकडे. सगळं तीन आठवड्यांत, मोटरहोममधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, दोन मांजरं आणि शिवणयंत्र घेऊन, वाटेत आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवत. नकाशा छान आहे. त्यातला अर्धा खोडून टाक.

जाऊन-येऊन साडेतीन हजार मैलांच्या पुढे जातं हे. तू एकटी गाडीनं गेली असतीस तर मी काही बोलले नसते. पण मोटरहोमचा वेग तू ठरवत नसतेस, तुझी मांजरं गुंड्या आणि साखर ठरवतात. बहुतेक मांजरं चालत्या गाडीत खात नाहीत, पाणी पीत नाहीत आणि लघवीही रोखून धरतात. आरव्हीवाल्या, म्हणजे मोटरहोमनं हिंडणाऱ्या, जुन्या मंडळींचा एक नियम आहे: दिवसाला 200 मैल, दुपारी 2 च्या आत मुक्काम, आणि एका ठिकाणी किमान 2 रात्री. धडधाकट माणसाला तो आळशीपणाचा वाटतो. मांजरं असली की तो नियम पाळावाच लागतो, मग आधीच मान्य केलेला बरा. दुपारी दोनला थांबलीस की मांजरांना उजेडात नवी जागा हुंगायला मिळते आणि तुला शिवायला चार तास मिळतात. म्हणजे मांजरांसाठी जो वेळ दिलास तोच गोधडीचा वेळ. या प्रवासाचं सगळं गणित मला इतकंच कळलेलं आहे. बाकीचं पत्र त्याचा तपशील समज.

आधी मांजरं. गाडी चालू असताना दोघंही कॅरियरमध्ये, आणि कॅरियर सीटबेल्टनं बांधलेलं. ‘साखर माझ्या मांडीवर शांत बसते’ हे मला सांगू नकोस. ब्रेकच्या पायाखाली मांजर गेलं की शांतपणा संपतो. कॅरियर आत्तापासून घरात उघडं ठेव, आत तुझी जुनी ओढणी टाक, जेवण तिथेच दे. मोटरहोम ताब्यात आली की लगेच प्रवासाला निघू नकोस. आधी दाराशी उभ्या गाडीत रात्र काढा तिघं, मग इंजिन चालू करून जागच्या जागी बसा, मग गावातल्या गावात चक्कर. गुंड्या फारच घाबरत असेल तर व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, विचार. प्रवासाच्या भीतीसाठी गॅबापेंटिन बऱ्याच वर्षांपासून देतात, आणि 2023 मध्ये एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, खास मांजरांसाठी प्रीगॅबालिनचं पातळ औषध मंजूर केलंय. कुठलंही औषध असो, पहिला डोस घरी देऊन बघायचा, हायवेवर नाही.

स्लाइड-आऊटचं नीट ऐक. बटण दाबलं की भिंत बाहेर सरकते आणि खोली रुंद होते, तेव्हा तिच्या मागे-खाली जी पोकळी तयार होते ती मांजराला गुहेसारखी वाटते. आत घेताना तीच पोकळी बंद होते. त्यामुळे स्लाइड हलवण्याआधी दोन्ही मांजरं डोळ्यांनी दिसली पाहिजेत. ‘असतील पलंगाखाली’ चालणार नाही. दिसली नाहीत तर इंजिन चालू करायचं नाही, मग मागचा माणूस जागेसाठी हॉर्न वाजवत का असेना.

कागदपत्रं: रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र छापील, गाडीच्या कप्प्यात. मायक्रोचिप दोघांना आहे, पण तिच्या नोंदीत तुझा कॉलेजातला फोन नंबर असणार, तो बदल. पुढेमागे कॅनडात मावसभावाकडे जाशील तर तिथेही सीमेवर तेच लसीचं प्रमाणपत्र मागतात.

उन्हाचं तुला सांगायला नको, पण विजेचं सांगते, कारण तिथे तुझं शिवण आणि तुझी मांजरं एकमेकांच्या आड येतात. 30 अँपिअरचं कनेक्शन म्हणजे 120 व्होल्टवर 3600 वॉट, बस. एसी साधारण दीड हजार खातो, इस्त्री बाराशे ते सतराशे. त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो आणि एसी बंद. शिवणयंत्राला फारशी वीज लागत नाही, खलनायक इस्त्रीच. म्हणून इस्त्री सकाळी, एसी लागण्याआधी. मामाकडे ड्राइव्ह-वेत उभी राहशील तेव्हा तर गॅरेजच्या साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर असशील. त्यावर आरव्हीचा एसी धड चालत नाही, तिथे इस्त्री त्यांच्या घरात नेऊनच कर. आणि स्वतःचं सिमकार्ड असलेला तापमानाचा मॉनिटर घे. वीज गेली, आत गरम झालं, की फोनवर कळतं. कॅम्पग्राउंडच्या, म्हणजे मोटरहोम लावून राहायच्या जागेच्या, वायफायवर चालणारा घेऊ नकोस. वीज गेली की ते वायफायही जातं.

आता बाल्टिमोर. नकाशा तुला सरळ 95 नंबरच्या हायवेवरून बंदराखालच्या बोगद्यातून नेईल. तुझ्या गाडीत स्वयंपाकाची प्रोपेनची टाकी आहे, ती घेऊन त्या बोगद्यांत जाता येत नाही. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जायच्या. तो 26 मार्च 2024 ला जहाज धडकून कोसळला. त्यामुळे शहराभोवतीच्या 695 नंबरच्या हायवेची पश्चिमेकडची बाजू धर. थोडं लांब पडेल. जीपीएसमध्ये गाडीची उंची आणि प्रोपेन दोन्ही भर, नाहीतर ईस्ट कोस्टचे जुने पार्कवे आणि त्यांचे बुटके पूल तुझं छप्पर सोलून काढतील.

नातेवाइकांचं प्रकरण यापेक्षा अवघड आहे. तुझा मामा म्हणजे माझाच धाकटा भाऊ, त्याला मी ओळखते. तू गाडीत झोपणार म्हटलंस की तो म्हणणार, ‘घरात तीन खोल्या रिकाम्या असताना भाची ड्राइव्ह-वेत झोपते? शेजारी काय म्हणतील?’ मामी काही बोलणार नाही, पण तिच्या चेहऱ्यावर दिसेल. हे फोनवर आधीच मिटव, दारात गेल्यावर नाही. मामीला मांजरांची ॲलर्जी आहे हे तुला सांगितलं असेलच. ॲलर्जी केसांची नसते, मुख्यतः मांजराच्या लाळेतल्या एका प्रथिनाची असते. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते आणि ते प्रथिन सगळीकडे उडतं, तुझ्या कपड्यांवरही. तेव्हा मांजरं त्यांच्या घरात नाहीत, तू घरात. जेवण, गप्पा, दुपारचा चहा आत; झोप बाहेर गाडीत. आत जाताना कुर्ता बदलून जा. हे असं सरळ सांगितलंस की मामाला मान राखल्यासारखं वाटेल आणि मामीला सुटल्यासारखं.

त्याच्या कॉलनीत एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, आहे. कित्येक एचओए ड्राइव्ह-वेत मोटरहोम उभी करू देत नाहीत, काही एखाद-दोन दिवस चालवून घेतात. हे त्यालाच विचारायला लाव, म्हणजे त्यालाही यजमानपणाचं काहीतरी काम. आणि किती रात्री? पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई, ही म्हण काढणाऱ्याला मोटरहोम माहीत नव्हती, तरी आकडा बरोबर निघाला. तीन रात्री ड्राइव्ह-वेत, मग जवळच्या स्टेट पार्कमध्ये जागा घे आणि तिथून जेवायला ये. असं केलं की भेट आठवडाभर टिकते आणि कोणी कोणाला कंटाळत नाही.

आता ज्यासाठी तू खरं पत्र लिहिलंस ते. आजीच्या लुगड्यांची क्वीन साइझ गोधडी, गाडीत बसून. कल्पना मला फार आवडली, पण गाडीत सगळी होणार नाही. क्वीन म्हणजे 90 बाय 100 इंचांच्या आसपास. तुकडे जोडणं डायनेटच्या, म्हणजे गाडीतल्या जेवायच्या, टेबलावर होतं. वरचा थर, बॅटिंग (मधला मऊ थर) आणि अस्तर एकावर एक अंथरून कच्चे टाके घालायला मात्र जमीन लागते, आणि मोटरहोममध्ये जमीन नसते, पाय ठेवायला एक बोळ असतो. म्हणून काम वाटून घे. गाडीत तुकडे, नातेवाइकांकडे अंथरणं. दादाकडे जाशील तोवर कापडाच्या ठिकऱ्या कापून ठेव. मामाकडे पोचशील तोवर वरचा थर जोडून व्हायला हवा. मग त्याच्या हॉलमधलं टेबल सरकवायचं, पोरांना सेफ्टी पिना द्यायच्या आणि सगळ्यांनी गुडघ्यावर. आमच्या लहानपणी गोधडी अंथरली की अख्खी आळी टाके घालायला बसायची. अमेरिकेतही शेजारणी जमून क्विल्टिंग बी, म्हणजे गोधडी शिवायच्या बैठका, भरवायच्या. गप्पा मारायला हाताला काम असलं की नातेवाईकही बरे बोलतात. त्या वेळी मांजरं गाडीत बंद. अंथरलेली गोधडी मांजराला स्वतःसाठीच घातली आहे असं वाटतं.

कापड. माझ्या आईची, म्हणजे तुझ्या आजीची, सुती लुगडी धुऊन धुऊन मऊ झालीत, त्यातली पदराची आणि काठाजवळची बाजू धड आहे, मधली विरलेली. उजेडासमोर धरून बघ आणि विरलेलं सोडून दे. नाहीतर मागे पातळ सुती कापड लावून घे. रेशमी साड्या या गोधडीत नकोत. जुनं रेशीम घडीवर चिरतं, आणि ही गोधडी धुतली जाणार आहे. लाल आणि हिरवा रंग जातो का ते आधी पांढऱ्या फडक्यावर ओलं करून बघ. इथल्या दुकानात मिळणारं क्विल्टिंगचं कापड जाड असतं, लुगडं सैल. दोन्ही एकत्र जोडलीस तर पहिल्या धुण्यात ओढलं जाईल. अस्तरही जुन्याच साडीचं लाव.

प्रवासात षटकोनी ठिकऱ्या कागदावर गुंडाळून हातानं जोडत जा. इस्त्री नको, मशीन नको, कॅम्पग्राउंडच्या खुर्चीत बसून होतं. मशीन हवंच असेल तर जुनं सिंगर फेदरवेट 221 शोध. 1933 साली आलेलं, वजन अवघं अकरा पौंड, आणि ते फक्त सरळ टीप मारतं. तुला तेवढीच लागते.

सुई-दोऱ्याबाबत मी कडक आहे. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेनं वळलेले असतात, दोरा तोंडात गेला की त्याला बाहेर थुंकता येत नाही, तो आतच सरकतो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं, आतडं त्याच्यावर पायजम्याच्या नाडीवर नेफा जमावा तसं गोळा होत जातं, आणि मग ऑपरेशन. सुई असली तर आणखी वाईट. म्हणून दोऱ्याचे तुकडे झाकणाच्या बरणीत, सुया चुंबकाच्या पिनकुशनवर आणि मोजून, रीळ कप्प्यात. उठताना, ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून, शिवण उघडं टाकायचं नाही. आणि कधी तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसलाच तर ओढायचा नाही, थेट व्हेटकडे. ओढलेला दोरा आतडं कापतो.

पडुका ठेव, ते खोडू नकोस. तिथलं राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय 1991 पासून आहे, आणि गावाला 2013 मध्ये युनेस्कोनं हस्तकलेसाठी सर्जनशील शहराचा दर्जा दिला. मात्र एप्रिलच्या शेवटी तिथे क्विल्टचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा आसपासची कॅम्पग्राउंड्स खूप आधी भरतात. जागा मिळाली नाही तर मे महिन्यात जा, संग्रहालय तेच असतं आणि गर्दी नसते. मांजरांच्या एसीसाठी मोटरहोम वीज असलेल्या जागीच उभी ठेव आणि गावात टॅक्सीनं जा.

तिथले टाके बघून तुझा धीर सुटेल. एका इंचात दहा-बारा टाके, रेषा आखल्यासारखी. तेव्हा अलाबामातल्या गीज बेंड गावच्या बायकांच्या गोधड्या आठव. तिथल्या मिसुरी पेटवे यांनी 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. कपड्यांवरच्या झिजेच्या खुणा, सगळं तसंच. ओळी वाकड्या आहेत. 2002 मध्ये गीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि लोक रांगा लावून बघायला गेले. आईच्या लुगड्यावर चुलीच्या ठिणगीनं पडलेली भोकं आहेत. ती कापून टाकू नकोस, मागून ठिगळ लाव आणि भोक दिसू दे.

हॅमिल्टन आणि लिंकनचं क्विल्ट संग्रहालय पुढल्या वर्षी. हॅमिल्टन म्हणजे मुख्य रस्त्यावर एकाला लागून एक कापडाची दुकानं. तिथे गेलीस तर लुगडी बाजूला पडतील आणि गाडी नव्या कापडानं भरेल. त्यातून मोटरहोमचं वजनही मर्यादित असतं. दाराच्या आत एक पिवळं लेबल असतं, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. भरलेली पाण्याची टाकीही त्यातच धरायची, आणि पाणी गॅलनला आठ पौंडांहून जास्त भरतं. तो आकडा वाचून मला पाठव.

मामाला तारीख मी कळवणार नाही, तूच कळव.

तुझी,
मावशी

ता. क. मांजरांच्या शी-शूचा, म्हणजे लिटरचा, डबा शॉवरमध्ये ठेव, वरून उडी मारून आत जायचा घे, म्हणजे वळणावर सांडत नाही. लाकडाच्या गोळ्यांचं लिटर वापर. आणि कुठलंही लिटर टॉयलेटमध्ये टाकू नकोस, पिशवी बांधून कचऱ्यात. मातीचं लिटर ब्लॅक टँकमध्ये, म्हणजे टॉयलेटच्या मैल्याच्या टाकीत, बसलं की ते काढायला येणारा माणूस तासावर पैसे घेतो.