पाच महिने पाळी नाही आणि नडगी दुखते

प्रश्न : मी 23 वर्षांची. लातूरकडच्या एका गावातून पुण्यात आले, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. पीएसआयची तयारी चालू आहे. पहाटे ग्राउंड, मग रात्रीपर्यंत अभ्यासिका. पैसे वाचावेत आणि वजनही आटोक्यात राहावं म्हणून एकाच वेळचा डबा लावलाय. वर्षभरात नऊ किलो उतरले. पाच महिने पाळी आलेली नाही. आई म्हणते, लग्न झालं की सुरळीत होईल. रूममेटने पाळी यायच्या गोळ्या आणून दिल्यात. घेऊ का? बाकी तब्येत ठणठणीत आहे, फक्त पळताना नडगी दुखते.

उत्तर : अगं, त्या गोळ्या घेऊ नकोस. त्यांनी चार दिवस रक्तस्राव होईलही, पण पाळी का थांबली ते तसंच राहील. नियमित येणारी पाळी सलग 3 महिने चुकली की तपासणी करायची असते, तुझे तर पाच झाले. लग्नाने यातलं काहीच बरं होत नाही. आई काळजीपोटी बोलतेय, पण तेवढ्यावर थांबू नकोस.

शरीरसंबंध आला असेल, तर आधी मेडिकलमधून किट आणून लघवीची तपासणी कर. यात लाजण्यासारखं काही नाही. पाळी बंद असली तरी गर्भ राहू शकतो.

तुझ्या पत्रावरून मला वाटतं, पोटात जातंय त्यापेक्षा खर्च फार जास्त होतोय. अशा वेळी मेंदू बीजकोशांना संदेश पाठवणं कमी करतो. स्त्रीबीज तयार होत नाही आणि पाळी थांबते. परीक्षेचा ताण त्यात भर घालतो. पण हे मी पत्रावरून म्हणतेय. थायरॉईड, वाढलेलं प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक), पीसीओडी (बीजकोशांचा, संप्रेरकांच्या बिघाडाचा एक आजार), क्वचित बीजकोशांचं काम वेळेआधी मंदावणं, यांनीही असंच होतं. म्हणून रक्ततपासणी आणि सोनोग्राफी हवी. खासगी दवाखाना परवडत नसेल तर ससूनच्या किंवा मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जा. शेवटच्या पाळीची तारीख, उतरलेलं वजन, चालू असलेली औषधं कागदावर लिहून ने. गोळ्यांचं पाकीटही दाखव.

आता नडगीचं. तू ते जाता जाता लिहिलंस, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. बीजकोश थंडावले की इस्ट्रोजेन हे त्यांच्यात तयार होणारं संप्रेरक घटतं, आणि हाडांची ताकद टिकते ती त्याच्यावर. तशा हाडांवर रोज पळत राहिलं तर बारीक चीर जाऊ शकते. एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येते का? बसल्या जागीही दुखतं का? तसं असेल तर उद्यापासून पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखव. ग्राउंडच्या सरांना स्पष्ट सांग. 'सहन कर' म्हणाले तरी ऐकू नकोस.

आणि दुसऱ्या वेळचा डबा आजच लाव. पोळी-भाजीबरोबर वरण, उसळ, अंडी चालत असतील तर अंडी, पळून आल्यावर शेंगदाणे-गूळ. महिन्याला थोडे जास्त पैसे लागतील, ते घरी माग. आईला आज फोन करून सगळं खरं सांग. पाळी परत यायला काही महिने लागू शकतात, तेवढा वेळ शरीराला दे.