दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याच्या केसांची चमक गेली आहे. घरच्या आहारात काय बदल करावा?

आपण लिहिले आहे की, आपला गावठी कुत्रा दीड वर्षाचा असून वजन १५ किलो आहे, त्याला दोन वेळा मिळून चार पोळ्या आणि वाटीभर दूध दिले जाते, त्याच्या पाठीवर कोंडा दिसतो, केस निस्तेज झाले आहेत आणि शी वरचेवर पातळ होते. घरी मांस शिजत नाही, अंडी चालतात आणि तयार खाद्य रोज परवडणारे नाही, हेही आपण सांगितले आहे. आमच्या चिंगी या कुत्रीची अवस्था काही वर्षांपूर्वी हुबेहूब अशीच होती, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

एक गोष्ट आधी करून घ्या. पशुवैद्यांकडून शीची तपासणी आणि त्वचेची तपासणी करून घ्यावी, कारण जंत, गोचीड आणि खरूज यांच्यामुळेही हीच लक्षणे दिसतात आणि तसे असेल तर नुसता आहार बदलून उपयोग होत नाही. चिंगीला जंत निघाले नाहीत. डॉक्टरांनी तिला काळ्या सतरंजीवर उभे करून पाठीवरून उलटा हात फिरवला, तेव्हा पीठ चाळल्यासारखा पांढरा कोंडा खाली पडला, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘हिला खायला काय देता?’’ आम्ही अभिमानाने दूध-पोळी सांगितली. तिचे पोट रोज भरत होते, म्हणून तिचे पोषणही होत आहे असे आम्ही धरून चाललो होतो, आणि चूक तिथेच होती.

आपल्याच कुत्र्याचा हिशेब मांडून पाहू. १५ किलोच्या, साधारण हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरी लागतात, आणि कुत्र्यांच्या खाद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकांप्रमाणे तेवढ्या अन्नात किमान ३८ ग्रॅम प्रथिने असायला हवीत. चार पोळ्या आणि वाटीभर दूध यांतून जेमतेम १७-१८ ग्रॅम मिळतात. कुत्र्याच्या अंगावरचा प्रत्येक केस मुख्यतः प्रथिनांचाच बनलेला असतो. शरीराला प्रथिने कमी पडली की ती आधी महत्त्वाच्या अवयवांकडे वळवली जातात आणि केसांच्या वाट्याला उरलेसुरले येते.

कोंड्यामागे बहुधा आणखी दोन कारणे असतात. पहिले म्हणजे जस्त. पोळीच्या पिठातील कोंड्यात फायटेट नावाचा घटक असतो, तो आतड्यात जस्ताला बांधून ठेवतो, आणि त्यामुळे आधीच थोडे असलेले जस्त अंगी लागत नाही. दुसरे म्हणजे लिनोलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल, जे कुत्र्याचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही आणि जे त्वचेतील ओलावा टिकवून धरते. दुधात आणि तुपात ते फारच कमी असते. आमच्याकडे आजी चिंगीच्या पोळीला मायेने तूप लावत असे, पण त्या तुपाने तिच्या त्वचेची ही गरज भागत नव्हती. यावरचा उपाय मात्र आपल्या स्वयंपाकघरातच आहे: पारंपरिक करडईच्या तेलात या आम्लाचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांच्या पुढे असते, त्यामुळे जेवणात वरून घातलेले एक छोटा चमचा तेल आपल्या कुत्र्याला दिवसभरासाठी पुरेसे होते. करडई न मिळाल्यास सूर्यफुलाचे चालेल.

पातळ शीचे कारण दूध असण्याची शक्यता मोठी आहे. पिल्लू मोठे होते तसे दुधातील साखर पचवणारे विकर कमी होत जाते आणि न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते. दूध बंद करून दोन-तीन चमचे ताजे, गोड दही द्यावे; ते बहुतेक कुत्र्यांना मानवते.

भात किंवा पोळी पूर्ण बंद करण्याची गरज नाही. ‘कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य देऊच नये’ असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश शास्त्रज्ञांच्या संशोधनात असे आढळले की, पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या कितीतरी अधिक असतात. माणसाच्या उष्ट्या अन्नावर हजारो वर्षे जगलेला हा प्राणी आहे आणि मऊ शिजलेला भात त्याला उत्तम पचतो. प्रश्न फक्त भाताबरोबर काय असते, याचा आहे.

चिंगीसाठी आम्ही बसवलेले आणि डॉक्टरांनी तपासून दिलेले दिवसाचे प्रमाण असे होते. तिचे वजनही तेव्हा १५ किलोच्या आसपास होते. तीन उकडलेली अंडी, कोरड्या मापाने २० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून व पिळून, मूठभर मुगाची डाळ, दोन ते अडीच वाट्या मऊ भात, थोडा लाल भोपळा किंवा गाजर, दही आणि वर सांगितलेले तेल. डाळ, तांदूळ आणि भाजी एकाच भांड्यात घालून आपल्याच कुकरमध्ये वरच्या थरात शिजते, त्यात मीठ-फोडणी काही नसते, आणि निवल्यावर अंडी कुस्करून घातली की काम संपते. यातून ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. अंड्याचा पिवळा बलक काढून टाकू नका. कुत्र्याला सूर्यप्रकाशातून पुरेसे ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते आणि या जेवणात ते मुख्यतः बलकातूनच येते. माणसासारखी कोलेस्टेरॉलची धास्ती निरोगी कुत्र्याच्या बाबतीत बाळगण्याचे कारण नाही. अंडी मात्र उकडलेलीच द्यावीत, कारण कच्चा पांढरा भाग बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतो.

अंड्यांची टरफलेही फेकू नका. ती धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवून मिक्सरमधून अगदी मैद्यासारखी दळावीत. एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि आपल्या कुत्र्याला दिवसाला सुमारे १ ग्रॅम लागते, म्हणजे अर्धा छोटा चमचा पूड पुरे. हा मुद्दा मांस देणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा, कारण नुसते चिकन आणि भात खाऊ घालणे ही दूध-पोळीइतकीच मोठी चूक आहे. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस १५-२० पट असतो, त्यामुळे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते, आणि वाढत्या पिल्लांचे पाय वाकतात किंवा साध्या उडीनेही मोडतात. पिल्लांसाठी म्हणूनच वरचे प्रमाण वापरू नये. त्यांचे गणित वेगळे असते.

एवढे करूनही घरचे अन्न आपोआप संपूर्ण होत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या घरगुती स्वयंपाकाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतील ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा निघाला. आपल्या जेवणात जस्त, तांबे, आयोडीन आणि ई जीवनसत्त्व कमी पडण्याचा संभव आहे, म्हणून डॉक्टरांना हे प्रमाण दाखवून कुत्र्यांसाठीची खनिज-जीवनसत्त्वांची पूड वजनानुसार लिहून घ्यावी. ही पूड मनाने वाढवू नये. जास्तीचे ड जीवनसत्त्व मूत्रपिंडांना घातक ठरते.

आपल्या घरांत नकळत होणारा एक अपाय म्हणजे कांदा-लसूण घातलेल्या रश्शात बुडवलेला भात. कांद्यातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि कांदा शिजवला तरी ते नाहीसे होत नाहीत. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांच्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. प्रसादाचा शिरा देताना आपण हे सहज विसरतो. चॉकलेट, झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे पदार्थ आणि शिजवलेली हाडे कधीही देऊ नयेत.

नवे जेवण एकदम सुरू न करता आठ-दहा दिवसांत जुन्यात थोडे थोडे मिसळत वाढवावे. मापापेक्षा हाताने खात्री करावी: बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले, तेव्हा अंग धरू लागल्याच्या आनंदात जेवण जास्त वाढू नका.

चिंगीची शी आठवड्याभरात घट्ट झाली. कोंडा कमी व्हायला महिना लागला आणि केसांची चमक परतायला जवळजवळ अडीच महिने, कारण जुने केस सुधारत नाहीत, ते गळून नवे यावे लागतात. प्रथम कानांमागे मऊ, दाट लव दिसू लागली आणि मग ती पाठीवर पसरली. आपल्याकडे दोन महिन्यांत काहीच फरक दिसला नाही, तर थायरॉइड किंवा ॲलर्जीच्या तपासणीसाठी पुन्हा डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना तो रोज काय काय खातो याची लेखी यादी, बिस्किटांसकट, बरोबर न्यावी.